चंपाचं शिसं आणि मॅडमची कल्हई

जानकी भांडी आतून घासते.

हे वाचून कुणी म्हणेल, यात विशेष ते काय? पण घाटकोपरातल्या आमच्या सोसायटीत भांड्यांची पारख बाहेरूनच होते. शेजारच्या सुगंधाबाईंच्या ओट्यावरचे पितळी डबे असे उभे असतात, जसे वरातीतले बँडवाले. आमच्याकडची पातेली आतून लख्ख आणि बुडाला काळीकुट्ट. जानकी कामाला लागली त्याच आठवड्यात मी तिला म्हटलं, "अगं, बूड जरा घास की. नैवेद्याचं पातेलं आहे ते."

ती हात न थांबवता म्हणाली, "वैनी, बुडात कोण जेवता? तुमचो देव जेवता काय?"

रोज पोथी वाचणाऱ्या बाईला देव कुठे जेवतो याचं उत्तर यायला हवं. मला आलं नाही. तेव्हापासून आमच्या पातेल्यांची बुडं काळी ती काळीच.

जानकी मूळची कुडाळकडची. लग्न होऊन लालबागला आली, कारण नवरा सहदेव कापडगिरणीत मागावर होता. गोरागोमटा, हसरा, भजनात मृदंग वाजवणारा. मग संप झाला, गिरणीला कुलूप लागलं, लालबागची खोली गेली आणि बिऱ्हाड असल्फ्याच्या डोंगरावर चढलं. सहदेव त्यानंतर बोलेनासाच झाला. "काय इचारला तर मुंडी हलयता," जानकी सांगायची. "जीभ गिरणीतच विसरून इलो."

पुढे कुणीतरी त्याला कुर्ल्याच्या एका शेडमध्ये लावून दिलं. तिथे मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं काढायचं, भट्टीत वितळवायचं आणि साच्यात ओतून कांबी करायच्या. संध्याकाळी सहदेव घरी यायचा तो नखशिखांत करडा होऊन. शर्ट करडा, केस करडे, पापण्यासुद्धा करड्या. "गिरणीत कापूस लागायचो तेव्हा पांढरो दिसायचो," जानकी म्हणायची. "देवान रंग तेवढो बदललो."

त्यांची एकुलती एक चंपा. बारा वर्षांची, पाठीवर घट्ट वेणी, पाढे तोंडपाठ. शाळा सुटली की बापाचा डबा घेऊन शेडवर जायची. शेडमागच्या गटारात शिशाचे गोल गोल मणी सापडत. ती ते फ्रॉकच्या ओच्यात वेचायची आणि भंगारवाल्याला नेऊन द्यायची. शेडचा धूर साऱ्या वस्तीत जायचा, राख लोकांच्या वाळत घातलेल्या पापडांवर बसायची, काळं पाणी नळापाशी तुंबायचं. यातल्या कशावरही मालकानं कधी हक्क सांगितला नव्हता. मण्यांवर मात्र सांगितला. एका दुपारी त्यानं हवालदार बोलावला, आणि चंपा चोरीच्या मालासकट थेट मुलुंडच्या टोकाला असलेल्या मुलींच्या रिमांड होममध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानकी आली ती भांड्यांकडे न बघता दारातच बसली.

"वैनी, माझ्या चेडवाक धरून नेल्यानी. उद्या कोर्टात उभा करतत. तुम्ही चला माझ्यावांगडा."

"अगं, मी येऊन काय करणार? मला कोर्टातलं काय कळतं?"

"माकाय कळणा नाय. दोघी असलो की लोकांका वाटता, एकीक तरी कळत असतला."

गेले. माझं काम शेजारी बसायचं. ते मी पुढे कैक महिने केलं.

मुलांसाठीचा नवा कायदा तेव्हा नुकताच, सत्त्याऐंशी साली, लागू झाला होता. मुलांना आरोपी म्हणायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत, प्रेमानं वागवायचं, असं बरंच चांगलं त्यात लिहिलं होतं. बाकडी जुनीच होती. मॅजिस्ट्रेट साहेब बारीक अंगाचे, डोळ्यांना जाड भिंगं. चंपाला समोर उभं केलं, आणि तिनं नाव सांगायच्या आत साहेबांच्या टेबलावर ओकारी केली.

कारकून ओरडला. साहेब नाही ओरडले. त्यांनी स्वतःच्या पेल्यातलं पाणी तिला दिलं आणि जानकीला विचारलं, "हिला असं नेहमी होतं का?"

"तीन-चार महिने झाले, साहेब. पोट दुखता म्हणता. आधी सतराचो पाढो घडघड म्हणायची, आता साताकच अडकता."

"वडील काय करतात?"

जानकीनं सांगितलं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी असं काहीतरी कुठेतरी वाचलेलं होतं. चंपाला इस्पितळात पाठवलं, रक्त घेतलं, आणि रक्तात शिसं निघालं. चांगलंच निघालं.

पुढच्या तारखेला साहेबांनी चोरीचं प्रकरण एका वाक्यात संपवलं. गटारात पडलेलं मालकाचं कसं, म्हणाले. मग त्यांनी दुसरा हुकूम लिहायला घेतला, तो बराच वेळ लिहीत होते. रिमांड होममधल्या प्रत्येक मुलीचं रक्त शिशासाठी तपासावं. जिच्या रक्तात शिसं सापडेल तिला पुन्हा शिशाच्या घरात धाडू नये. रक्त साफ होईपर्यंत तिला संस्थेच्या स्वच्छ वातावरणात, सकस आहारावर ठेवावं.

असा हुकूम लिहायला मन मोठं लागतं. त्या माणसावर माझा आजही राग नाही. बाहेर पायरीवर येईपर्यंत जानकीही त्यांना दुवा देत होती. पायरीवर थांबली.

"म्हणजे चोरी नाय केल्यान ना तिणा?"

"नाही केली. साहेबांनीच सांगितलं की."

"मगे घराक सोडूक व्हयी."

"रक्तातलं शिसं गेलं की सोडणार."

"आणि चोरी केली असती तर कितके दिवस ठेवल्यानी असती?"

मागून रोझारिओ उतरत होते. ते कोर्टाचे प्रोबेशन अधिकारी, अंधेरीच्या आंबोली गावठाणातले, मराठी त्यांच्या घरातलीच. मुलांच्या घरची चौकशी करून कोर्टाला कळवायचं हे त्यांचं काम. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चोरीला मुदत असते, बाय. शिशाला नाय."

जानकीला चंपा घरी हवी होती. तिच्यापुरती सगळी गोष्ट एवढीच. बाकी जे झालं ते इतरांनी केलं.

रिमांड होमच्या अधीक्षक अनुपमा मॅडम. त्यांच्याबद्दल लिहिताना सांभाळून लिहिलं पाहिजे, कारण बाई वाईट नव्हत्या. कडक इस्त्रीची साडी, अंबाड्यावर जाळी, मुलींना अहो-जाहो नाही पण शिवीही नाही. स्वयंपाक झाला की पहिला घास त्या स्वतः घेणार आणि मगच मुलींची पंगत बसणार, असा तिथला नियम. हा नियम बहुतेक ठिकाणी सहीपुरता पाळतात. मॅडम खरोखर जेवायच्या. पोटभर.

त्यांची श्रद्धा एकाच गोष्टीवर होती. "तोंड दिसलं पाहिजे." फरशी बघताना हेच, काचा बघताना हेच, पातेली बघताना हेच. माझी एक मावशी होती, देवाची भांडी चिंचेनं उजळता उजळता आरतीची वेळ टळून जायची तिची. तसलाच भक्तिमार्ग.

कोर्टाचा हुकूम त्यांच्या टेबलावर पडला तेव्हा त्यांनी तो मनापासून पाळायला घेतला. आधी मुलींच्या शिसपेन्सिली जप्त झाल्या. मग साहेब स्वतः पाहणीला येतील म्हणून दारं-खिडक्यांना हिरवा ऑइलपेंट लागला, त्याच्या वासानं आठवडाभर मुलींची डोकी दुखली. आणि मग खंडू कल्हईवाल्याला बोलावणं गेलं.

खंडू अंगणातल्या बदामाखाली भाता पुरून बसला. कोळसे फुलले, पितळी पातेली तापली, नवसागराचा पांढरा धूर निघाला, आणि खंडूनं कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं अशी काही कल्हई फिरवली की आमटीची पातेली, कढया, वरणाचे डाव, पाण्याची पिंपं, सगळ्यांतून चांदणं पडल्यासारखं झालं. मॅडमनी एकेका पातेल्यात वाकून पाहिलं. दिसलं तोंड.

दहा-बारा दिवसांत कल्हई काळवंडली. दुसरी एखादी म्हणाली असती, खंडू, कल्हई वाईट केलीस. मॅडम म्हणाल्या, "खंडू, आता दर पंधरवड्याला येत जा." कोर्टाचं काम होतं. हयगय नको.

तिकडे रक्ताच्या तपासणीचं घोडं अडलं होतं. एका खात्याचं म्हणणं, शिसं हा कारखान्यांचा विषय, आमचा नाही. कारखान्यांच्या खात्याचं म्हणणं, मुलांना कामावर ठेवायला कायद्यानंच बंदी आहे, तेव्हा मुलांच्या रक्तात कारखान्याचं शिसं असूच शकत नाही. तिसऱ्यांकडे बाटल्या होत्या, पण त्यांना बुचं नव्हती. बुचं आली तोवर बाटल्या दुसरीकडे गेल्या होत्या. आपण देवाला नैवेद्य दाखवतो आणि डोळे मिटतो; देव जेवला का, हे ताट उचलून कुणी बघत नाही. सरकारी हुकमाचंही असंच असावं.

या सगळ्यात दर रविवारी जानकी मुलुंडला भेटीला जायची. मी कधीमधी तिच्याबरोबर. जाळीपलीकडे चंपा बसायची. रंग उतरलेला, डोळे पेंगुळलेले. तिची तक्रार मात्र काहीच नसायची.

"आये, हयसरच्या पातेल्यात तोंड दिसता. माझा नि बाजूच्या खाटीवरच्या काशीचा, दोघींचा एकदम."

"खातस ना गे नीट?"

"रोज कोकमाची आमटी. मॅडम आमच्याआधी जेवतत. मगे आमी."

"पोट?"

"दुखता."

"रे देवा! अजून?"

"जास्तच दुखता."

मॅडम मागे उभ्या होत्या. त्या मायेनं म्हणाल्या, "आंबट खाल्ल्यानं होतं हो थोडं. माझंही हल्ली दुखतं. मी कोकमाचं सरबत घेते, बरं वाटतं." आणि त्यांनी कल्हईच्या पिंपातून आमच्यासाठीही पेलाभर काढलं. मला एकादशी होती, आणि पिंपाला खरकटे हात लागतात, म्हणून मी पाणीही घेतलं नाही. जानकीनं आग्रहाखातर घेतलं.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "वैनी, काय ता चकचकीत सगळा. आपलेच काळे टोप डोळ्यासमोर इले. माका वाटला, अशी भांडी बघून ते लोक माझ्या घराक कित्याक पाठवतीत चेडवाक?"

दुसऱ्या दिवशी मी न सांगता जानकीनं आमच्या पातेल्यांची बुडं घासली. नारळाची शेंडी, राख, चिंच, सगळं लावून घासली. सुगंधाबाई बघायला आल्या. मला आनंद व्हायला हवा होता. तिची बोटं सोलवटलेली दिसत होती.

रोझारिओ घरचौकशीला डोंगर चढून गेले तेव्हाही जानकीनं खोपटातला प्रत्येक टोप घासून उन्हात मांडून ठेवला होता, असं त्यांनीच मला सांगितलं. ते धापा टाकत वर पोचले, चहा घेतला, टोपांचं कौतुक केलं. मग त्यांची नजर खिळ्याला टांगलेल्या सहदेवच्या करड्या शर्टावर गेली.

"बाय, हा शर्ट हितून हलायला पाहिजे. नायतर मी कोर्टाला काय लिहू?"

"शर्ट हलवतंय, साहेब. पण शर्टातलो माणूस खंय हलवू?"

सहदेव कोपऱ्यात बसला होता. त्यानं मान हलवली. त्या दिवसापासून तो खाली सार्वजनिक नळावर आंघोळ करून, कपडे तिथेच धुऊन, ओल्या पंच्यानिशी डोंगर चढायला लागला. काम सोडलं नाही. सोडून जायचं कुठे, हा प्रश्न हुकमात नव्हता.

शेवटी बाटल्या आणि बुचं एकाच दिवशी मुलुंडला पोचली. सुई बघून मुलींनी एकच गलका केला. मोठ्या मुलीही पलंगाखाली शिरल्या. तेव्हा मॅडम पुढे झाल्या, कडक इस्त्रीची बाही वर केली आणि म्हणाल्या, "आधी माझं घ्या. बघा गं, काही होत नाही." मॅडमनी पहिला घास घ्यायचा, तशी पहिली सुईही घेतली. दारावरचा पहारेकरी माणिक हसत उभा होता, त्याचंही घेतलं. मग मुलींचं. चंपाचंही पुन्हा.

निकाल आले आणि कोर्टाची तारीख लागली. या वेळी जानकीनं सहदेवलाही ओढून आणलं होतं. रंगारी वाटावा तसा नखांत करडा रंग अडकलेला, धुतलेला सदरा, मान खाली.

साहेबांनी निकालाचा कागद दोनदा वाचला. भिंगं काढली, पुसली, पुन्हा वाचला.

"मॅडम, इथे सगळ्याच मुलींच्या रक्तात शिसं आहे."

"हो साहेब. बिचाऱ्या कसल्या कसल्या वस्तीतून येतात."

"विरारच्या वाडीतून आलेल्या मुलीच्याही आहे. तिकडे बॅटऱ्या फोडतात?"

"फोडत असतील, साहेब."

"चंपाचं कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय. आणि सगळ्यांत जास्त कुणाच्या रक्तात आहे, माहीत आहे?"

"कुणाच्या, साहेब?"

"तुमच्या."

कारकुनानं तोंडाला हात लावला. साहेबांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, आपण सुट्टीच्या दिवशी बॅटऱ्या वगैरे फोडता का?"

कोर्ट हसलं. मॅडमचा चेहरा लाल झाला. चाळीस मुलींची जबाबदारी घेतलेली बाई, असं कुणी हसावं अशी त्यांची काही चूक त्यांना दिसत नव्हती. त्या उभ्याच राहिल्या.

"साहेब, मी मुलींच्या आधी जेवते. त्यांच्याच पातेल्यातलं जेवते. रोज."

"आणि हा पहारेकरी? याच्या रक्तात काही नाही."

"तो डबा आणतो घरून."

"मग आपल्या स्वयंपाकघरात काय आहे?"

"स्वच्छता, साहेब!" असं म्हणून मॅडमनी पायाशी ठेवलेली पिशवी उघडली आणि आमटीचं एक छोटं पातेलं काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. पुरावा म्हणूनच आणलं होतं. "आपण स्वतःच बघा. आपला हुकूम आल्यापासून दर पंधरा दिवसांनी कल्हई. खंडू कल्हईवाला येतो, माझ्या देखरेखीखाली करतो. बघा, तोंड दिसतं की नाही?"

साहेबांनी वाकून पाहिलं. दिसलं असावं. पण समाधान झालेलं काही दिसलं नाही.

जानकी उठून उभी राहिली. मी तिचा पदर धरला, तिनं सोडवून घेतला.

"साहेब, माका वाचूक येणा नाय. पण माझा चेडू माझ्याकडे होता तेव्हा कमी होता, तुमच्याकडे दिलंय तेव्हा वाढला. बॅटरी तिणा कितके महिने बघूक नाय. तुम्ही म्हणतास, कमी झाला की सोडतलो. ह्यां वाढतच गेला तर म्हातारी होयसर ठेवतलास? माका द्या तिका."

"बाई, मला कळतंय. पण तुमच्या घरी तरी कशी पाठवू? तिथे तर रोज शिसं येतं, यांच्या अंगावरून." साहेबांनी सहदेवकडे बोट केलं.

सहदेव पातेल्याकडे बघत होता. मॅडमनी खंडूचं नाव घेतल्यापासून तो तिकडेच बघत होता. इतक्या वर्षांत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. ऐकला तेव्हा ओळखीचाच वाटला, चांगल्या भजन्याचा असतो तसा भरलेला.

"साहेब, खंडू कल्हईवालो कांबी आमच्या शेडवरसून नेता."

"कसल्या कांबी?"

"कल्हईच्या. निव्वळ कथील परवडणा नाय म्हणान शिसा मिसळून देतव. अर्ध्याक अर्धा. आणि बरेच कल्हईवाले नेतत."

"कोण मिसळतं?"

सहदेवनं जानकीकडे पाहिलं. पुढचं वाक्य बोललं की शेडवरचं काम संपणार, हे तिलाही कळत होतं. तिनं नजर काढून घेतली नाही.

"मी. मीच ओततंय, साहेब. त्या पातेल्यात जा काय चकाकता, ता माझ्या हातचा."

कुणी हसलं नाही. गटारातलं शिसं वेचलं म्हणून जिला धरलं, तिला त्याच भट्टीतलं शिसं आमटीतून दोन वेळा वाढलं जात होतं. कोर्टाच्या हुकमानं, मॅडमच्या देखरेखीखाली, बापाच्या हातचं. मॅडम हळूच म्हणाल्या, "मी तर त्याला शाबासकी देत होते हो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, आणि ते हसणाऱ्यांसाठी नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं हे कुठे जातं?" साहेबांनी विचारलं.

"कांब खंय जाता, ता कोण इचारता, साहेब? आज कळला."

साहेबांनी लेखणी उचलली आणि लिहिलं. सहदेवनं त्या शेडवर पाय ठेवायचा नाही. रिमांड होममधली कल्हईची सगळी भांडी ताब्यात घेऊन मोहोरबंद करावी. आणि चंपाला आईच्या स्वाधीन करावं, कारण, साहेब मोठ्यानं वाचत गेले, "सदर घर हे संस्थेपेक्षा अधिक घातक असल्याचे आता म्हणता येत नाही." आईच्या मायेची एवढी स्तुती मी कुठल्या कीर्तनातही ऐकली नव्हती.

भांडी मोहोरबंद झाली आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की संध्याकाळचा स्वयंपाक कशात करायचा, हे हुकमात नाही. त्या दिवशी मुलींना पावभाजीवाल्याकडचे पाव मिळाले. मुली म्हणे फार खूश झाल्या. भांडी कोर्टाच्या एका खोलीत ठेवली. मोहोर लावण्यापूर्वी कारकुनानं ती घासून घेतली, असं रोझारिओ सांगत होते. सरकारजमा माल घाणेरडा दिसायला नको. मॅडमवर औषधोपचार झाले आणि बदली झाली. तिकडे त्यांनी स्टेनलेस स्टील घेतलंय, असं कळलं. त्यातही तोंड दिसतं.

शेड बंद झाली नाही. दार रस्त्याच्या बाजूला होतं ते मागच्या बाजूला केलं. मुलींचं रक्त दर महिन्याला पुन्हा तपासायचं, असंही त्या हुकमात होतं. पहिल्या महिन्यानंतर बाटल्या आल्या नाहीत. चंपाला कुणी पुन्हा बोलावलं नाही. तिचं पोट दुखायचं थांबलं, अंगावर मांस आलं, वेणी पुन्हा घट्ट झाली. पाढे नाही आले परत. सातावर अजून अडखळते. जानकी तिच्याबरोबर स्वतः पाढे पाठ करायला बसते, भांडी घासता घासता, आणि अडखळली की दोघी पुन्हा एकापासून सुरू करतात.

सहदेवला आमच्या सोसायटीनं पाण्याचा पंप चालू-बंद करायला ठेवलंय. नेमणुकीच्या मीटिंगमध्ये एका सभासदानं विचारलं, माणूस कसा आहे? मी म्हटलं, कमी बोलतो, पण खरं बोलतो. त्यावर दोघा-तिघांनी हरकत घेतली होती. तरी ठेवला.

सुटकेच्या दिवशी संध्याकाळी मी देवाचा पेढा घेऊन डोंगरावर गेले होते. जानकीनं चंपाला आंघोळ घातली होती, डोक्याला तेल चोपडलं होतं. सहदेव उंबऱ्यावर बसला होता, मांडीवर बोटांनी कसलातरी ठेका धरून. चुलीवर जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, टोप, पूर्वीसारखाच बाहेरून काळाढुस्स. चौकशीसाठी घासूनपुसून उन्हात मांडायची गरज आता उरली नव्हती.

जानकीनं भात वाढला, वर आमटी ओतली. चंपानं ताट जरा तिरपं केलं. टोपात डोकावून पाहिलं.

"आये, ह्यात तोंड दिसना नाय."

"जेवणात तोंड बघूचा नसता गो," जानकी म्हणाली. "तोंडात जेवण घालूचा असता. जेव गप."